वारशाने आलेली शस्त्रक्रिया

रुग्णालयात तोंडाने बोलण्यावर बंदी घालण्याचा निर्णय रुग्णांच्या हितासाठीच घेण्यात आला होता, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. कोणाचा आवाज दाबण्याचा त्यात हेतू नव्हता. आवाज योग्य मार्गाने जावा, योग्य व्यक्तीपर्यंत जावा आणि वाटेत कुठे सांडू नये, एवढीच माफक अपेक्षा होती.

त्याआधीची परिस्थिती शोचनीय होती. सिस्टर जिन्यातून ओरडायची की कोपऱ्यातल्या खाटेचं सलाईन संपलंय, आणि त्या खाटेशी काडीचा संबंध नसलेला एक्स-रेवाला सलाईनची बाटली घेऊन धावायचा. डॉक्टर एकमेकांच्या रुग्णांची चौकशी करायचे. स्वयंपाकघरातली बाई रुग्णाच्या तोंडाकडे बघून त्याच्या ताटात काय वाढायचं ते ठरवायची. रुग्ण बरे होत होते, नाही असं नाही. पण नेमके कोणामुळे बरे होतात हे सांगता येत नव्हतं. आणि ज्याचं श्रेय कोणाच्या नावावर टाकता येत नाही असं बरं होणं व्यवस्थापनाच्या दृष्टीने संशयास्पदच असतं.

ही अंदाधुंदी मिटवली ती भाषाकाराने. भाषाकार म्हणजे कवी नव्हे की व्याकरणाचा मास्तर नव्हे. तो संगणकासाठी भाषा बनवायचा. घरात त्याच्या कामाविषयी "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो" इतपत माहिती होती आणि ती पुरेशी मानली जात होती. उमेदीची सगळी वर्षं त्याने दोन घराण्यांची सोयरीक जुळवण्यात घालवली होती. एक घराणं वस्तूंचं. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक वस्तू. प्रत्येक वस्तूचं आपलं कपाट, कपाटाला कुलूप, आणि थोरल्या वर्गाकडून धाकट्या वर्गाकडे चालत आलेला वारसा. दुसरं घराणं निरोप्यांचं. त्यांना कपाट नाही, कुलूप नाही, मालमत्तेचा मोह नाही. सगळ्यांनी एकाच वेळी आपापलं काम करायचं आणि अडलं की एकमेकांना निरोप द्यायचा. तोही हातोहात: घेणारा हात पुढे करेपर्यंत देणाऱ्याने जागचं हलायचं नाही.

दोन्ही घराण्यांचं कायम वाकडं. वस्तूवाले म्हणायचे, या निरोप्यांना ना घर ना दार. निरोपवाले म्हणायचे, यांच्या घरात दोन माणसं एकदम शिरली की एकमेकांच्या पायावर पाय देऊन दोघंही आडवी होतात. भाषाकाराने दोघांना एका मांडवाखाली आणलं. त्याच्या भाषेत प्रत्येक वस्तूला कुलूपबंद कपाट होतं, वारसा होता, आणि कोणीही दुसऱ्याच्या कपाटात डोकवायचं नाही असा दंडक होता. हवं ते निरोप पाठवून मागायचं. कोणत्या निरोपाला कोणतं उत्तर द्यायचं आणि ते कोणत्या क्रमाने, याचा करार आधीच ठरलेला. कराराबाहेरचं वाक्य त्या भाषेत चूक ठरत नसे. ते उच्चारताच येत नसे. भाषाकाराला सगळ्यात जास्त अभिमान होता तो याचाच.

या भाषेवर त्याने जी व्याख्यानं दिली त्यांना फारसं कोणी आलं नाही. एका व्याख्यानाला रुग्णालयाचे अधीक्षक आले, तेही दाराबाहेरचा फलक वाचून हा वर्ग संवादकौशल्याचा असावा अशा समजुतीने. पण ते शेवटपर्यंत बसले. कोणी कोणाच्या कामात डोकवायचं नाही आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प उभं राहायचं, ही कल्पना ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण आयुष्यभर हेच म्हणत आलो, फक्त आपल्याला शब्द सापडत नव्हते, असं त्यांनी भाषाकाराचा हात हातात घेऊन सांगितलं. इतक्या वर्षांत त्याचं काम समजलेला हा पहिलाच माणूस. भाषाकाराला फार बरं वाटलं, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ या बरं वाटण्यातच आहे.

सुरुवातीला भाषा फक्त रुग्णालयातल्या संगणकांवर चालली, आणि झकास चालली. मग अधीक्षकांना प्रश्न पडला की यंत्रं एवढ्या शिस्तीत वागत असताना माणसांनीच मोकाट का असावं? त्या अनुषंगाने परिपत्रक निघालं. सर्जन ही वस्तू. भूलतज्ज्ञ ही वस्तू. सिस्टर, स्ट्रेचरवाला, खाट, रुग्ण या सगळ्या वस्तू. प्रत्येकाच्या गळ्यात संगणकाचा एक छोटा पडदा अडकवण्यात आला; खाटेला गळा नसल्यामुळे तिचा पडदा पायथ्याशी लावला. यापुढे जे काही सांगायचं ते पडद्यावरून, करारात असेल तेच, हातोहात. आपल्याला खाटेच्या पंक्तीला बसवलं म्हणून काही सर्जन रुसले. खाटांनी मात्र उदारपणे काही म्हटलं नाही.

परिणाम डोळ्यांत भरण्यासारखे होते. कॉरिडॉरमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. तक्रारी पार थांबल्या. तक्रारीचा निरोप स्वीकारणारी वस्तू बनवायची राहून गेली होती, त्यामुळे तक्रार करणारे पडदा पुढे धरून जिथल्या तिथे उभे असत. वार्षिक अहवालात त्याची दखल ‘प्रतीक्षा कक्षाचा वाढता वापर’ अशी घेतली गेली. रुग्णालयाचं नाव झालं. न्यायालय, टपाल खातं आणि पाणीपुरवठा विभाग यांनी ही पद्धत बघायला आपापली माणसं पाठवायचं ठरवलं. भाषाकाराच्या आयुष्याचं सोनं व्हायची वेळ आली, आणि नेमकी त्याच सुमारास त्याच्या सासऱ्यांना उचकी लागली.

सासरे, म्हणजे घरात सगळ्यांचे अप्पा, जन्मभर लिलाव पुकारत आले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मीठ मागायचं तर ते तीनदा पुकारून मागायचे. असा माणूस उचकीने बेजार झाला. पाणी पाजून झालं, श्वास कोंडून झाला, नातवंडांनी दाराआडून भॉक करून पाहिलं. उचकी हटेना. अप्पांचं म्हणणं, कोणीतरी आठवण काढतंय, आणि ज्याला आपण न फिरणारा पंखा चालू म्हणून विकला तोच असणार. तो सोडणार नाही. शेवटी बायको भाषाकाराला म्हणाली, "एवढं जगभर तुझ्या हॉस्पिटलचं कौतुक चाललंय, तर ने ना अप्पांना. गोळी घेऊन संध्याकाळपर्यंत घरी या."

दाखल करून घेणाऱ्या खिडकीत पहिला अडथळा आला. आजारांच्या वर्गवारीत उचकी नव्हती. वर्ग नाही म्हणजे वस्तू नाही, आणि वस्तू नाही म्हणजे अप्पा नाहीत, असा तो हिशेब. खिडकीतल्या माणसाने भाषाकाराकडे पाहिलं. भाषाकाराने मोठ्या मनाने उपाय सुचवला की उचकी पोटाच्या जवळपासची गोष्ट आहे, तेव्हा ती ‘पोटाचे विकार’ या वर्गाखाली घाला. तिथे जागा फक्त पित्ताशयाच्या वॉर्डात होती. अप्पांच्या गळ्यात पडदा पडला, आणि क्षणात पित्ताशयाच्या रुग्णाचा सगळा वारसा त्यांच्याकडे चालत आला: पथ्य, खाट, निळा अंगरखा आणि शस्त्रक्रिया. आपण एवढी वर्षं कागदावर मांडलेला वारसा साक्षात सासऱ्यांच्या अंगावर उतरताना बघून भाषाकाराला, खोटं कशाला सांगा, थोडं भरून आलं.

पित्ताशय काढणार हे पडद्यावर वाचल्याबरोबर अप्पांची उचकी थांबली. कायमची. ते खाटेवरून उतरले, त्यांनी अंगरखा झटकला, आणि आपण बरे झालो, आता निघू, असं मोठ्याने जाहीर केलं. वॉर्डातल्या साऱ्या खाटांवरच्या माना वळल्या. तोंडाने बोललेलं एवढं मोठं वाक्य तिथे कित्येक महिन्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

सिस्टर धावत आली आणि तिने त्यांना पुन्हा खाटेवर बसवलं. मग भाषाकाराला चादरींच्या कपाटाआड ओढून ती कुजबुजली. "सर, आजोबा ठणठणीत आहेत हे मला दिसतंय. पण मला दिसलं म्हणून चालत नाही. रुग्णाची अवस्था रुग्णाच्या कपाटात. तिथे आम्ही डोकवायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

"मग त्यांना विचारा," भाषाकार म्हणाला.

"विचारलं ना. ‘दुखतंय का?’ हाच एक प्रश्न आहे. त्याला उत्तरं दोन, ‘हो’ आणि ‘खूप’."

भाषाकाराला आठवलं. ‘नाही’ हे उत्तर त्यानेच गाळलं होतं. ज्याला दुखत नाही तो रुग्णालयात कशाला येईल, असा त्यावेळी त्याचा बिनतोड मुद्दा होता. आणि करारानुसार पित्ताशयाच्या रुग्णाला दाखल झाल्यावर पुढची पायरी एकच, शस्त्रक्रिया; त्यानंतरची पायरी घरी पाठवणे. मधली पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारण्याचं वाक्य त्याच्या भाषेत उच्चारता येत नव्हतं. करार मध्येच बदलावा म्हटलं, तर चालू असलेलं संभाषण संपेपर्यंत करार बदलता येणार नाही ही तर भाषेची शान होती. भाषाकाराच्या पोटात गोळा आला. अप्पांच्या पोटात मात्र काहीही नव्हतं आणि नेमकं तेच कापून काढायचं ठरलं होतं.

घरी जाऊन त्याने हे बायकोला समजावून सांगितलं. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती. वस्तूच्या आतल्या गोष्टीला बाहेरून थेट हात लावणं कसं घातक असतं, हे त्याने कणकेच्या परातीचं उदाहरण देऊन सांगितलं. दोघांनी एकदम हात घातला की काय होतं बघ, वगैरे.

"म्हणजे तू त्यांचा हात धरून त्यांना घरी आणू शकत नाहीस," ती म्हणाली.

"हात धरणं म्हणजेच थेट हस्तक्षेप."

"हात तुझा. बाप माझा. त्यात वस्तू कुठून आली?"

त्याने पुन्हा परातीकडे बोट दाखवलं. तिने सुरी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं की अप्पा जसे गेले तसे, आतल्या सगळ्या सामानासकट घरी आले नाहीत, तर त्यानेही यायची तसदी घेऊ नये. भाषाकाराचा अप्पांवर जीव होता. त्याच्याच वडिलांनी "धंदा तरी काय करतो हा?" म्हणून त्याला झिडकारलं, तेव्हा अप्पांनीच ठणकावून सांगितलं होतं की माझ्या जावयाचा माल अजून बाजारात कोणाला कळला नाही, इतकंच. अशा माणसाला आपल्याच हाताने टेबलावर चढवायचं या विचाराने तो ताटावरून तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात पोहोचला तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती आणि शस्त्रक्रिया झाली नव्हती. कॉरिडॉरमध्ये सर्जन उभे होते, थोड्या अंतरावर भूलतज्ज्ञ, पुढे रिकामं स्ट्रेचर धरून स्ट्रेचरवाला. तिघांचेही पडदे पुढे धरलेले, चेहरे कर्तव्यदक्ष. सर्जन भूलतज्ज्ञाच्या निरोपाची वाट बघत होते. स्ट्रेचर आल्याशिवाय भूलतज्ज्ञ निरोप देणार नव्हता. खाटेने ‘रिकामी झाले’ असं कळवल्याशिवाय स्ट्रेचर हलणार नव्हतं. आणि सर्जनांनी ‘रुग्ण ताब्यात घेतला’ असं म्हटल्याशिवाय खाट रिकामी होणार नव्हती. हे शेवटचं कलम भाषाकारानेच नुकतं घातलं होतं. झालं काय, की एक रुग्ण जरा संडासला गेला तेवढ्यात खाटेने स्वतःला रिकामं जाहीर केलं आणि परत येतो तर त्याच्या जागी दुसराच घोरत होता. असा घोटाळा पुन्हा नको म्हणून ही सुधारणा.

एकेक कलम वाचलं तर कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. सगळी मिळून मात्र अशी कोंडी झाली होती की कोणी कोणाला दोष द्यावा हेही कळू नये. सगळे एकमेकांना दिसत होते. सर्जनांनी मान वर केली असती तर समोर खाट, खाटेवर पाय हलवत बसलेले अप्पा. पण ते बघणं झालं. त्याचा निरोप झाला नव्हता.

भाषाकाराचा जीव भांड्यात पडला. कोंडी आहे तोवर अप्पांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. एवढ्यात त्याला अधीक्षकांनी बोलावून घेतलं. पाहुणे आज येणार होते. अधीक्षक म्हणाले, "हे पुतळे त्यांना दाखवू का मी? एक ओळ बदला आणि माणसं हलवा."

एक ओळ बदलणं भाषाकाराला सहज शक्य होतं. करार मध्येच बदलता येत नसला, तरी कोंडी फोडण्यापुरती ही एक वाट त्याने स्वतःसाठी मोकळी ठेवली होती. पण ओळ बदलली की माणसं हलणार, आणि हलली की पहिलं काम अप्पांचं पोट. नाही बदलली, तर पाहुण्यांसमोर त्याच्या भाषेचे वाभाडे निघणार. आयुष्यात पहिल्यांदा तिची कोणाला गरज पडली होती आणि पहिल्याच दिवशी ती दारात आडवी पडलेली दिसणार होती. "करतो," म्हणून तो बाहेर आला. इकडे आड तिकडे विहीर हे तो शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरतं शिकला होता.

जिन्यावर बसून विचार करताना त्याला वाट सापडली, आणि तीही भाषेतूनच सापडली म्हणून त्याचा आनंद गगनात मावेना. वस्तूंच्या घराण्यात एक जुना नियम आहे: बापाची जागा मुलाला चालते. थोरल्या वर्गाची वस्तू जिथे हवी तिथे धाकट्या वर्गाची वस्तू बिनतक्रार घ्यावी लागते. आणि भेटीला येणारा नातेवाईक हा वर्ग त्याने फार पूर्वी, पुन्हा सगळं लिहायचा कंटाळा म्हणून, रुग्ण या वर्गाच्या पोटी घातला होता. नातेवाईकही खाटेवर बसतो, रुग्णालयाचं जेवण जेवतो आणि कण्हतो. मोठासा फरक त्यालाही कधी आढळला नव्हता. म्हणजे अप्पांच्या जागी तो स्वतः बसू शकत होता. अप्पा घरी जातील. तो खाटेवर बसेल. कोंडी असेपर्यंत खाटेला धोका नाही, आणि एकदा अप्पा दाराबाहेर पडले की सावकाश बसून आपली सुटका कशी करायची ते बघता येईल.

अप्पांना त्याने खाटेशी वाकून, कुजबुजत बेत सांगितला. अप्पांना तो पटला नाही. "जावईबापू, मी सरळ चालत जातो की. कोण अडवतंय?"

"अडवणार कोणी नाही अप्पा. पण नियमाप्रमाणे तुम्ही इथेच राहाल."

"मी घरी आणि मी इथे?"

"खाटेवर रुग्ण आहे असं दिसत राहील. रुग्ण आहे म्हणजे शस्त्रक्रिया आहे. माणसं कोणाला तरी धरून आणतील. त्यापेक्षा नियमात बसवून जाऊ."

अप्पांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. न फिरणारे पंखे खपवण्यात त्यांची हयात गेली होती, तरी असा माल त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी मुलीची आठवण काढून त्यांनी गळ्यातला पडदा काढून जावयाच्या गळ्यात घातला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. अप्पा खाटेवरून उतरले. भाषाकार खाटेवर बसला. पडद्यावर ‘अदलाबदल मान्य’ अशी अक्षरं आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही घराण्यांचे नियम त्याच्या बाजूने एकत्र उभे राहिले होते, आणि त्याला खाटेवरच टाळी वाजवावीशी वाटली.

फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. अदलाबदल म्हटली की एक उठतो आणि दुसरा बसतो, आणि या दोन्हींच्या मध्ये, निमिषभर का होईना, खाट रिकामी असते. सर्जनांनी ताब्यात घेण्याची अट आपणहून उठून गेलेल्या रुग्णासाठी होती, नियमाने झालेल्या अदलाबदलीसाठी नव्हती, आणि खाट इमानदार वस्तू. तिने तेवढ्या निमिषात ‘रिकामी झाले’ असा निरोप दिला. स्ट्रेचरवाला सकाळपासून हात पुढे करून त्याचीच वाट बघत होता.

मग सगळं झालं ते इतकं सुरळीत झालं की बघत राहावं. स्ट्रेचर हललं. स्ट्रेचर आल्याचं पडद्यावर उमटताच भूलतज्ज्ञाचा निरोप सुटला. तो हातात पडताच सर्जन वळले. सकाळभर तुंबलेलं सगळं रुग्णालय मोरीतला केर निघावा तसं एकदम वाहू लागलं. भाषाकाराला उचलून स्ट्रेचरवर आडवं घालण्यात आलं, निळा अंगरखा त्याच्या अंगात चढला, आणि वारसा जसाच्या तसा त्याच्याकडे आला. नेमक्या त्याच वेळी कॉरिडॉरच्या टोकाला अधीक्षक पाहुण्यांना घेऊन अवतरले. न्यायालयाचे, टपालाचे, पाणीपुरवठ्याचे. कोणी बोलत नाही, कोणी धावत नाही, आणि तरी एकाच वेळी सगळी कामं चाललेली बघून पाणीपुरवठावाल्यांनी चष्मा काढून पुसला.

शस्त्रक्रियेच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला स्ट्रेचर थांबलं. दाराला भली मोठी काच होती आणि काचेपलीकडे पाहुणे उभे राहिले. सर्जन वाकले. त्यांनी भाषाकाराला ओळखलं. कॅन्टीनमध्ये रोज चहा बरोबर व्हायचा दोघांचा. त्यांच्या भुवया टोपीत गेल्या. त्यांनी भाषाकाराकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि मग करारानुसार पडद्यावर विचारलं, "दुखतंय का?"

भाषाकाराला तोंड होतं. जीभ होती. पायही होते, आणि अजून भूल दिलेली नव्हती. "मी धडधाकट आहे, मला उतरू द्या" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, हे त्याला स्पष्ट कळत होतं. पण काचेपलीकडे अधीक्षक उभे होते, त्याचं काम पहिल्यांदा समजून घेतलेला माणूस. शेजारी न्यायालय उभं होतं, टपाल उभं होतं. कराराबाहेरचं वाक्य उच्चारताच येत नाही असं तो आयुष्यभर सांगत आला. ते पहिलं वाक्य आता त्याच्याच तोंडून काढायचं? अप्पा तर सुखरूप सुटले होते. राहता राहिलं एक पित्ताशय. तो घाबरला होता, आणि तरी आपण इथे शहाण्यासारखं वागतोय असं त्याला वाटत होतं. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. हो.

सर्जनांनी आतलं बघून क्षणभर हात थांबवला असं म्हणतात. पित्ताशय नव्या कोऱ्या पिशवीसारखं होतं. पण ते त्यांना दिसलं होतं. कळवलं कोणीच नव्हतं. काचेपलीकडे पाहुण्यांनी, शांतता भंग न करता, टाळ्या वाजवल्यासारखे हात हलवले. तिन्ही खात्यांनी भाषा स्वीकारली. न्यायालय तर इतकं खूश झालं की इतकी वर्षं आपण हीच भाषा वापरत होतो, फक्त तिला संगणकाची जोड नव्हती, असं त्यांनी नमूद केलं.

भाषाकार घरी आला तेव्हा बायकोने त्याला घरात घेतलं. अट अप्पांच्या सामानाची होती आणि अप्पांचं सामान शाबूत होतं. अप्पा त्याच्या उशाशी बसून राहिले आणि कोणी भेटायला आलं की जावयाने आपल्यासाठी काय केलं ते पुकारून सांगू लागले. सगळे गेल्यावर बायकोने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "तू बोलला का नाहीस? एक शब्द."

तो म्हणाला की तिथे सगळे बघत होते.

"सगळे बघत होते," ती म्हणाली, "आणि तुला कापलं." मग तिला रडू आलं, आणि तेही तिने त्याच्याकडे पाठ करून उरकलं.

तुम्हीही तेच म्हणाल, की कमाल आहे बुवा या माणसाची. अंगात ताकद होती, दार उघडं होतं, तोंडाला कुलूप नव्हतं, मग उठून चालू पडायला काय झालं होतं? विचारा, जरूर विचारा. फक्त तुम्ही ज्या रांगेत उभं राहून हे वाचताय तिथे पुढच्या माणसालाही एकदा विचारून पाहा, की खिडकी बंद आहे, आत कोणी नाही हे आपल्या सगळ्यांना दिसतंय, मग आपण थांबलोय कशासाठी? तो तुमच्याकडे वळून बघेल, जरा ओशाळेल, आणि पुन्हा त्याच्या पुढच्याच्या पाठीकडे बघत उभा राहील. आणि तुम्ही त्याच्या मागे, जागा जाऊ नये म्हणून एक पाऊल आणखी पुढे सरकाल.